वाळूची पेटी

मी एक जुनी वाळूची पेटी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. पैशांच्या पेटीला कुलूप असतं, औषधांच्या पेटीला मान असतो; मला फक्त समोरून एक भोक आहे. माझं कौतुक मीच करणार, कारण दुसरं कोणी करत नाही.

गोदामाच्या पहारेकऱ्यांच्या शस्त्रखोलीबाहेर मला ठेवलं होतं. जाड फळ्या आणि आत गच्च दाबलेली वाळू. पहारा संपला की पहारेकरी यायचा, रायफलची नळी माझ्या भोकाशी धरायचा आणि रायफल रिकामी करायचा. चुकून गोळी सुटलीच तर ती मी पोटात घ्यायची, एवढंच माझं काम.

शस्त्रं सांभाळणारे उस्ताद रोज तेच सांगत. "बोट चापाबाहेर ठेवा. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग आतली गोळी बाहेर पडावी म्हणून बोल्ट मागे ओढायचा. मग आत डोळ्यांनी बघायचं आणि बोटानं चाचपायचं. शेवटी नळी पेटीकडे धरूनच चाप ओढायचा." आणि कधी गोळी झाडताना चाप ओढूनही बार झाला नाही तर रायफल घाईनं उघडायची नाही, नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, कारण गोळी कधी कधी उशिरा उडते. पहारेकरी पाठीमागे त्यांच्या नकला करत.

त्यांच्यात एक दाजी होते. त्यांचा मेहुणाही तिथेच पहाऱ्यावर होता, म्हणून सगळेच त्यांना दाजी म्हणत. माणूस दिलदार, पण तोंडाला खळ नाही. एका सकाळी गप्पांच्या नादात त्यांनी आधी बोल्ट ओढला. एक गोळी बाहेर पडली, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत घेऊन गेला. मॅगझिन त्यांनी नंतर काढलं. रायफल रिकामी झाली असं समजून चाप ओढला आणि धाडकन बार झाला. ती गोळी माझ्या वाळूत थांबली.

दाजी पांढरेफटक पडले. मेहुणा म्हणाला, "दाजी, ताईला सांगू का?" सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. "हसा हसा. ही पेटी नसती तर आज रडत बसला असता." मला मिळालेली शाबासकी तेवढीच.

पुढे उस्ताद निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. त्यांना टापटिपीची भारी हौस.

"दारात हे काय ध्यान ठेवलंय? आजवर किती गोळ्या अडवल्या हिनं?"

"एक, साहेब."

"एका गोळीसाठी एवढी जागा अडवायची?"

झालं! मी कोणाला उचलेना, म्हणून माझी वाळू उपसून अंगणातल्या खड्ड्यात टाकली आणि मला न्हाणीघरामागे उपडी घातली. माझ्या जागी फुलझाडांच्या कुंड्या आल्या. मला इतका संताप आला, पण पेटीचा संताप कोण ऐकतो?

मग एके दिवशी दाजींनी पुन्हा तीच चूक केली. या वेळी नळी फरशीकडे होती. गोळी उसळली आणि शेजारी बुटाची नाडी सोडत बसलेल्या मेहुण्याच्या गुडघ्यात घुसली. "दाजी, काय केलंत हो!" एवढंच तो ओरडला. दाजींचं बोलणं त्या दिवशी बंद झालं. घरी ते बायकोसमोर मान वर करत नाहीत.

चौकशी झाली. चूक कोणाचीच नाही असं ठरलं. मग दोघांनी मला अलगद उचलून आणलं; एवढी हलकी कशी, हे कोणी विचारलं नाही. मला पांढरा रंग दिला, 'सुरक्षा प्रथम' अशी अक्षरं काढली आणि साहेबांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. वाळू रंग सुकल्यावर भरू म्हणाले. रंग सुकून त्याचे पोपडे उडायला लागले, तरी मी रिकामीच आहे.

कुंड्या हलवायच्या नव्हत्या, म्हणून मला पत्र्याच्या आडभिंतीला टेकवलं आहे. त्या पत्र्यापलीकडे मेहुणा खुर्चीत बसून गाड्यांच्या नोंदी करतो, कारण आता त्याला उभं राहवत नाही. आणि पहारा संपला की दाजी येतात. नळी बरोबर माझ्या भोकाशी धरतात. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.

मित्रांनो, मला रंग नको, फोटो नको. दाजींचा आजचा पहारा संपायच्या आत कोणीतरी माझ्यात वाळू भरा.