तोरोगाचं काय झालं

बयाबाईच्या दहाव्याला कावळा शिवेना.

बयाबाई माझी बायको. शिनोलीच्या घाटावर सकाळपासून माणसं जमली होती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. तालुक्याचे एक पुढारी म्हणाले, मातोश्रींनी काबाडकष्ट करून घराला आकार दिला. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण बोलले ते खोटं नव्हतं. मग पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागं सरलो. समोरच्या झाडावर कावळे होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत झाडावर जाऊन बसला.

गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा मागं राहिलेली असते म्हणून कावळा शिवत नाही, असं आमच्याकडे धरतात. मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. माझा मुलगा सोपान पुढं झाला. "आई, हर्षालीला लई शिकवीन. शिक्षान सोडून तिचं लगीन नाय करणार." कावळा हलला नाही. बयाबाईचा भाऊ चांगदेव जुन्नरहून आला होता. तो म्हणाला, "आक्का, दाजींकडं मी बघीन. त्यांना एकटं पडू देणार नाय." तरी नाही. माझी भावजय सखूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बाई, हिरीवरचं आपलं भांडान मी इसरले. तुमी बी इसरा."

मागून कुणीतरी म्हणालं, "च्या ठिवा रं तिला. च्याबिगर ती कुठं हलायची न्हाई."

लोक हसले, पण चहाचा कप आणून ठेवलाच. कावळे बघत बसले होते.

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. पण एवढ्या माणसांत ते बोलायचं कसं, म्हणून मी गप्प उभा होतो.

आमच्याकडे केबल येऊन दोनएक वर्षं झाली होती. हर्षाली, सोपानची मुलगी, शाळेतून आली की एक कार्टून लावायची. परदेशातलं होतं, पण हिंदीत बोलायचं. त्यात सगळी माणसं मारामारी शिकलेली. उड्या मारायची, हवेत राहायची, हातातून उजेड सोडायची. मिरो नावाचा एक चांगला पोरगा होता, आणि सगळ्यांना नको झालेला एक होता, त्याचं नाव तोरोगा.

हा तोरोगा जन्मला आणि रडला, तेव्हा गावातली नदी उलटी डोंगरावर चढली. आईनं त्याला धरायला बोट दिलं, तर तिचा हात मोडला. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. एका गुरूनं त्याला डोंगराच्या पोटात कोंडून वाढवलं. त्याची गंमत अशी, की तो घाबरला की त्याची ताकद वाढायची. ताकद वाढली की आसपासचं मोडायचं, आणि मोडलेलं बघून तो आणखी घाबरायचा. त्यातून त्याला बाहेर येता यायचं नाही. अशी त्यानं गावंच्या गावं घालवली, शहरं घालवली. सगळे म्हणायचे, हा वाईट आहे, याला मारा.

मला तेव्हा ते सगळं पोरखेळ वाटायचं. एका संध्याकाळी मी बाहेर जायला चपला घालत होतो. बयाबाई भिंतीला टेकून तांदूळ पाखडत होती. टीव्हीवर तोरोगा समुद्राच्या कडेला आला आणि त्यानं पाण्यात एक पाय ठेवला. समुद्र मागं गेला. जेवढा दिसत होता तेवढा सगळा मागं गेला. तळाचा चिखल उघडा पडला, मासे तडफडायला लागले, बोटी आडव्या झाल्या. आणि तो आपला मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत उभा राहिला. आवाज नव्हता. डिंभे धरणाची दारं उघडतात ती बघायला मी गेलो होतो एकदा. तिथं पाण्याचा आवाज कानाला नाही, छातीला लागतो. इथं तर आवाजच नव्हता, तरी तसंच छातीला लागलं. बयाबाईचं सूप थांबलं होतं. मी एक चप्पल घालून तसाच उभा राहिलो होतो.

ती म्हणाली, "अवं, बघा तरी. त्यालाच भ्या वाटतंय."

"एवढा राक्षस. त्याला कसलं भ्या?"

"राक्षस नाय तो. त्याला धरणारं कुणी नाय."

तिला हिंदी येत नव्हतं. हर्षाली मधे मधे अर्थ सांगायला जायची, तर ही म्हणायची, "तू गप. मला दिसतंय." दुसऱ्या दिवसापासून मीही बसायला लागलो. चहासाठी बसतो असं म्हणायचो. चहा संपला तरी उठायचो नाही.

पुढं माघात तिला झटका आला. मंचरच्या दवाखान्यात ठेवली. तोंड एका बाजूला गेलं होतं, पण बोललेलं कळायचं. हर्षाली भेटायला आली की तिचा एकच प्रश्न. "तोरोगाचं काय झालं?"

"आज्जी, शेवट न्हाई झाला अजून."

"झाला की सांग मला."

माझ्याशी शेवटचं बोलली ते म्हशीला पाणी पाजा एवढंच.

तर घाटावर मी शेवटी पुढं झालो आणि हात जोडले. म्हणालो, "बया, तोरोगाचं काय होतंय ते मी बघतो आणि तुला येऊन सांगतो."

 चांगदेव माझ्या कानाशी आला. "दाजी, ह्यो तोरोगा कोण? भीमाशंकरकडचा का?"

"टीव्हीतला हाय."

"टीव्हीतला?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मला वाटलं कुणी सोयरा बोलवायचा राह्यला का काय."

कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. परतताना भगवंताचं, म्हणजे माझं, डोकं फिरलं असं लोक बोलत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कावळ्याचंही नाही. बयाबाई अशीच होती. कौलं बदलतो असं मी म्हटलं तर तिचा विश्वास बसायचा नाही. मी शिडी लावून वर चढलेला दिसल्यावर बसायचा. पण पिंडासमोर दिलेला शब्द मागं घेता येत नाही. सोपानच्या शब्दाला अजून वर्षं होती. माझ्या शब्दाला येणारा रविवार होता, कारण शेवटचा भाग त्या दुपारी दाखवणार होते.

ते साल दोन हजार पाच. दुपारी शिनोलीत लाईट नसायची. लोडशेडिंग ठरलेलं होतं. हर्षाली म्हणाली, "आबा, जुन्नरला मामाआजोबांकडं असती रविवारची."

सोपाननं ते ऐकलं. "आबा, म्हयना झाला न्हाई अजून. दुसऱ्याच्या उंबऱ्यात जाता येत नाय तुमाला. लोक म्हणतील, म्हातारी जाऊन पंधरा दिस न्हाईत, आन् म्हातारा कार्टून बघाया जुन्नरला."

मी म्हणालो, "तू हर्षालीला शिकवायचा शब्द दिलास. नको शिकवू म्हणलं तर चालंल का?"

 रविवारी सकाळी त्यानंच आम्हा दोघांना एसटीत बसवून दिलं.

चांगदेवची पिठाची गिरणी आहे, तिच्या मागंच घर. मी अंगणात उभा राहिलो. तो दारात आला. घाटावरच्या प्रकारामुळं तो माझ्यावर रागावलेला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"दाजी, आत या म्हणता येत नाय, आन् जा बी म्हणता येत नाय. मी काय करू ते सांगा."

"मला आत यायचं न्हाई. टीव्ही तेवढा दाराकडं फिरव."

"कार्टूनसाठी?"

"बयासाठी."

तो उंबऱ्याबाहेर आला. "आक्काचं राह्यलंय ते हेच का? नक्की?"

"हेच."

मग तो आत गेला. टीव्हीची वायर पुरेना. गिरणीतला बोर्ड आणून जोडली. टीव्ही दाराकडं केला तर उन्हामुळं काचेत काहीच दिसेना, अंगणातलं तुळशीवृंदावन आणि आमचीच तोंडं दिसायला लागली. चांगदेवची बायको धोंडाबाई आतून घोंगडी घेऊन आली. एक टोक तिनं धरलं, एक त्यानं, आणि दोघं माझ्या डोक्यावर सावली करून उभे राहिले. मी उंबऱ्याच्या बाहेर पोत्यावर, हर्षाली उंबऱ्याच्या आत.

धोंडाबाई नवऱ्याला म्हणाली, "हात भरून आले तर सांगा, म्हणजे खाली बसू." चांगदेव म्हणाला, "तू घोंगडी धर. बोलू नको."

आता मी जे पाहिलं ते जमेल तसं सांगतो.

मिरो आणि त्याच्या बाजूचे झाडून सगळे एका माळावर आले होते. तोरोगा मधे उभा. सगळ्यांनी मिळून त्याच्यावर उजेड सोडला. तो हललासुद्धा नाही, नुसता घाबरला. घाबरला आणि मोठा झाला. अंगानं तेवढाच होता, पण त्याच्याभोवतीचं सगळं लहान दिसायला लागलं. जमीन ताटासारखी वाकली. मागचे डोंगर मुळातून निघून वर तरंगायला लागले. त्यानं तोंड उघडलं, तर आभाळाला वरपासून खालपर्यंत चीर पडली आणि चिरेच्या पलीकडे दिवसाउजेडी चांदण्या दिसल्या. मी आयुष्यात पूर बघितला, वणवा बघितला, वीज जवळ पडलेली बघितली. माणसापेक्षा मोठं काहीतरी असतं एवढं मला माहीत होतं. पण ते मोठं एकाच्या अंगात घातलं आणि त्यालाच ते नको आहे, हे मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या डोक्यावरची घोंगडी थरथरत होती. 

एकेक जण पडला. मिरो एकटा उरला. सगळ्यांना वाटलं, आता हा त्याची मोठी विद्या काढणार. त्यानं काय करावं? हात खाली सोडले आणि तोरोगाच्या समोर मांडी घालून बसला.

तोरोगानं मूठ उचलली. ती येताना वारा पुढं धावला. मिरोच्या मागं जे काही होतं, डोंगर, रान, ढग, ते सगळं पुसलं गेलं. आणि मूठ त्याच्या नाकापुढं येऊन थांबली. मिरोचे केस तेवढे हलले.

थांबली म्हणजे तोरोगानं थांबवली. जन्मल्यापासून त्याला जे एक जमलं नव्हतं ते त्यानं केलं. डोंगर उपटले तेव्हा मी बघत राहिलो होतो, पण ही मूठ थांबली तेव्हा मी पोत्यावरून अर्धा उठलो. ती सगळी ताकद मागं वळली. जायला तिला जागा नव्हती, ती त्याच्याच आत गेली. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशा त्याच्या अंगाला भेगा पडल्या आणि आतून उजेड दिसायला लागला. तो ओरडला नाही. आपल्या मुठीकडे बघत होता. मग हळूच त्यानं मूठ उघडली आणि मिरोनं त्याचा हात धरला. मिरोचा हात मोडला नाही. तेवढ्यात तो उजेड विझला आणि तोरोगा नव्हता. मिरोच्या हातात माती होती.

 गिरणीसमोर दळण घेऊन आलेली दोन माणसं केव्हा येऊन मागं उभी राहिली होती तेही कळलं नव्हतं. त्यातला एक म्हणाला, "मेला?"

"हां," हर्षाली म्हणाली.

घोंगडी खाली आली. चांगदेव डोळे पुसत होता, पण घोंगडीची धूळ गेली म्हणाला. आम्ही निघालो तसा स्टँडपर्यंत पोचवायला आला. वाटेत म्हणाला, "दाजी, आक्काला असं नका सांगू. सांगा की सुटला. डोंगरात जाऊन ऱ्हायला, बायको केली."

"खोटं सांगू?"

"तिला कुठं कळणार हाय?"

नारायणगावला गाडी बदलली, पुढं मंचर, घोडेगाव. सगळ्या वाटेत मी त्याचाच विचार करत होतो. ते सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. आमच्या संसारात मी तिला बऱ्याच गोष्टी बऱ्या करून सांगितल्या होत्या, पीक कमी आलं तरी बरं आलं म्हणालो होतो. पण हा माणूस काय करून गेला ते मी बघितलं होतं. डोंगरात राहायला गेला म्हटलं तर ते सगळं गेलं असतं.

घरी न जाता आम्ही घाटावर उतरलो. ऊन कलतं होतं, घाटावर कुणी नव्हतं. मी पाण्याजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "बया, तोरोगा मेला."

एवढं बोलून मला पुढं सुधरेना. हर्षाली म्हणाली, "आबा, पहिल्यापासून सांगा."

मग मी पहिल्यापासून सांगितलं. माळ कसा होता, जमीन कशी वाकली, आभाळ कसं फाटलं. मिरो खाली बसला ते सांगितलं. मूठ कशी आली ते तोंडानं सांगता येईना, म्हणून मी माझी मूठ वळली, हात मागं नेला आणि सगळ्या जोरानं पुढं आणून पाण्यावर थांबवला.

"अशी थांबली," मी म्हणालो. "त्यानंच थांबवली, बया. कुणी धरला नव्हता."

हात दुखायला लागला तरी मी तो तसाच धरून ठेवला, तिला नीट दिसावा म्हणून.