चार तबकड्यांची वाटणी

काळीकुळकुळीत, काठाला टवका उडालेली आणि आवाजात खरखर भरलेली अशी मी एक तबकडी आहे, मित्रांनो. हसू नका. म्हाताऱ्या माणसांचा आवाजही खरखरतोच की! फोनोची, म्हणजे ग्रामोफोनची, चावी भरायची, मला वर ठेवायचे, पिन टेकवायची, की मी वाजू लागते. एकटी मात्र मी अर्धवटच. आम्ही चार बहिणी आहोत आणि चौघींच्या अंगावर मिळून एकच संगीत कोरलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी एका हळव्या जर्मन माणसाने ते रचले. त्यात एक पियानो आहे, एक व्हायोलिन, तिची जाड आवाजाची थोरली बहीण व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा घोगरा चेलो. घरातली माणसे जेवणे झाल्यावर बोलत बसतात ना, तशी ही चौघे वाजतात. मध्येच खटका उडतो, मध्येच एखाद्याला गहिवरून येते.

माझे अंग लाखेचे. ती लाख आपल्याच मुलखातल्या पळसाची असावी, असे मी सगळ्यांना ठासून सांगते. कोण बघायला गेले आहे! ती बोटीने विलायतेला गेली, तिथे तापली, दाबली गेली आणि सुरांच्या रेघा घेऊन नागपूरला एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात आली. साहेबाचे यंत्र मोठे होते. ते आम्हाला एकीवर एक असे आपोआप टाकायचे. चौघींची एकेक बाजू वाजली की साहेब सगळा ढीगच उलटा करायचा. आमचा क्रम त्या यंत्रासाठी लावलेला होता. म्हणजे आरंभ माझ्या एका बाजूवर आणि शेवट माझ्याच दुसऱ्या बाजूवर. मधले सगळे तिघींकडे. हे नीट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

देश स्वतंत्र झाला, साहेब आपल्या देशी निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. सौंसरचे भगवंतराव तेव्हा संत्री विकायला नागपूरला आले होते. त्यांनी एक साधा चावीचा फोनो आणि आमचा डबा उचलला आणि छोट्या लाईनच्या गाडीने घर गाठले. बायकोला गाण्याची हौस होती.

त्यांची बायको उर्मिला, धाकटा भाऊ रवींद्र, शेजारपाजार, सगळे ओसरीवर जमले. मला लावले. मी जीव ओतून वाजू लागले.

"अवो, गाणं केव्हा सुरू होईन?" उर्मिलाने विचारले.

"थांब वं! आता तं साज जुळवून रायले."

साज जुळता जुळता माझी बाजू संपली! भगवंतरावांनी मला उलटवले. लागला शेवट. नमस्काराबरोबर निरोपही उरकावा, तसे झाले. बहिणींचीही तीच गत. प्रत्येक बाजू म्हणजे एक गाणे, आणि तेही बिनबोलाचे, असा घराचा समज झाला. "दादा, साहेबानं तुमाले चुना लावला," रवींद्र म्हणाला. माझा असा पाणउतारा साता समुद्रापलीकडे कोणी केला नव्हता.

त्या घरात भगवंतरावांची बहीण राहायची, वच्छला. ऐन विशीत नवरा गेला आणि ती भावांकडे परतली. शेजारून आणलेली गाण्याची तबकडी फोनोवर लागली की ती उठून चुलीपाशी जायची. विधवेने प्रेमाबिमाची गाणी ऐकू नयेत, अशी रीत. मला आजही त्या रीतीचा संताप येतो. पण आम्ही वाजत होतो तेव्हा भाऊबंदांतले वडीलधारे रामाजी काका म्हणाले, "याच्यात बोलच नाई, हे कायचं गाणं? बसू दे पोरीले." आणि वच्छला बसली.

मित्रांनो, असे ऐकणे मी साहेबाच्या बंगल्यातही पाहिले नव्हते. बाकीचे गप्पा मारत, ती नुसती ऐकत असे. काही दिवसांनी तिच्या ध्यानात आले की माझी बाजू संपते तिथे सूर तुटतो, आणि तो तुटका सूर माझ्या बहिणीच्या अंगावर पुढे चालू होतो. मग तिने सगळा उन्हाळा एकेक बाजू लावून पाहिली. कोणाचे शेपूट कोणाच्या तोंडाला जुळते, हे कानानेच शोधले. ज्या दुपारी तिने आम्हाला पहिल्यांदा ओळीने वाजवले, त्या दुपारी शेवटाला येऊन मी थांबले आणि ती पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. नवरा गेल्यावर घरादाराच्या धाकाने दाबून ठेवलेले रडणे होते ते. त्यानंतर ती आम्हाला जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यांत गुंडाळून ठेवू लागली. तिचे म्हणावे असे त्या घरात दुसरे काही नव्हते. आम्हीही तिच्या नव्हतोच म्हणा, भगवंतरावांच्या होतो.

मग प्रांतांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर मध्य प्रदेशात राहिले. रवींद्र नागपूरच्या सचिवालयात कारकून होता. त्याचे दफ्तर उचलले आणि निघाले नव्या राजधानीला, भोपाळला. आता वेगळे बिऱ्हाड होणार, तर वाटणी होऊन जाऊ द्या, असे ठरले. जुनी रीत होती, मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. म्हणजे मोठा लबाडी करत नाही. पंच म्हणून रामाजी काका बसले.

भगवंतराव सरळ मनाचे. त्यांनी सगळे समान केले. हंडे मोजून, गोधड्या मोजून. आणि तबकड्या? दोन इकडे, दोन तिकडे! एका वाट्यात फोनो, दुसऱ्यात त्याच्या बदली पितळी घंगाळ. रवींद्रने घंगाळाचा वाटा उचलला. माझ्या दोन बहिणी भोपाळच्या ट्रंकेत गेल्या. त्यांच्याकडे मधले सगळे होते, आमच्याकडे नुसता आरंभ आणि शेवट. मी तर हादरूनच गेले.

वच्छला दाराआडून बघत होती. बहिणीला वाट्यात काही नसते, त्यामुळे तिला कोणी विचारलेही नव्हते. ती बाहेर आली.

"काकाजी, ट्रंक बंद व्हाच्या आधी एक डाव फोनो लावू काय?"

"आता? बरं, लाव."

तिने मला लावले. मग माझ्या शेजारची बहीण. ती बाजू संपली, सूर अर्ध्यावर तुटला, आणि वच्छलाने पिन उचलून घेतली. हात मांडीवर ठेवून ती गप्प बसली. कोणाला काही उमजेना. उर्मिला चुळबुळली. बैठक अवघडून गेली, तरी वच्छला हलेना. मधले जेवढा वेळ वाजते, तेवढा वेळ ती तशीच बसून राहिली. मग तिने उरलेल्या दोन बाजू वाजवल्या. शेवट झाला.

"अवं, मधात काय झालं?" रामाजी काकांनी विचारले. "काहून थांबली होती?"

"मधातलं भोपाळले चाल्लं, काकाजी," वच्छला म्हणाली. "हे चार नाईत, एकच हाय. मले काई नको. तोडू नका फक्त."

भगवंतरावांचा चेहरा पडला. "घेऊन जा रवींद्र, चारी घेऊन जा," ते म्हणाले. रवींद्र म्हणाला, "नाई दादा, तुम्हीच ठेवा." दोघेही चांगलेच, पण दोघांचेही चुकतच होते.

"चूप बसा दोघंही!" रामाजी काका कडाडले. "जिले मधातलं ठाऊक, तिचंच हे. फोनोसकट."

रवींद्रने ट्रंक उघडली. माझ्या दोन्ही बहिणी काढून त्याने वच्छलाच्या मांडीवर ठेवल्या. भगवंतरावांनी फोनो तिच्यापुढे सरकवला. ती नुसता हात फिरवत राहिली आमच्यावरून.

मित्रांनो, घरे वाटली जातात, राज्येही वाटली जातात, मी काही त्याला हरकत घेणारी कोण? पण कुठलीही वस्तू दोन ढिगांत टाकण्याआधी, ती खरोखर दोन आहे का, एवढे तिच्यावर माया करणाऱ्याला विचारत जा. मला उचलाल तेव्हा काठाने धरा, उन्हात टाकू नका आणि माझ्या बहिणींपासून तोडू नका.

रवींद्र भोपाळला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उर्मिला फोनोपाशी आली, थबकली, आणि चुलीकडे तोंड करून म्हणाली, "वन्सं, तुमचा फोनो लावू काय?"

आतून वच्छला हात पुसत बाहेर आली. तिची परवानगी कोणी विचारण्याची त्या घरातली ती पहिलीच वेळ होती.