साल्हेरवरचा पुसलेला फोटो

मी हर्षलचा जुना कॅमेरा बोलतोय. 'जुना' ही पदवी मला गेल्या गुढीपाडव्याला मिळाली. त्या सकाळी घरात नवा कॅमेरा आला, त्याला हळदकुंकू लागलं, आणि त्याच सकाळी माझी रवानगी कपाटात झाली, चादरींच्या खाली.

त्याआधी सात वर्षं मी हर्षलच्या गळ्यात होतो. माझ्या मुठीवरचं रबर त्याच्याच बोटांनी झिजलंय. नाशिकच्या ज्या फोटोग्राफी क्लबात तो जातो, त्यांच्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर सलग चार वर्षं त्याचा फोटो लागला. नाव त्याचं झालं, डोळा माझा होता. आता तो नव्याला मांडीवर घेऊन मऊ फडक्यानं पुसायचा आणि मला ते कपाटाच्या फटीतून दिसायचं. जळायचो मी. खोटं कशाला सांगू?

सप्टेंबरात बाहेर आलो तो कुंदनमुळे. कुंदन हर्षलचा शाळेपासूनचा मित्र, मखमलाबादला त्यांची झेंडूची शेती.

"मी आणि दिशा शनिवार-रविवार साल्हेरला चाललोय, फोटो काढायला. येतोस?" हर्षलनं विचारलं.

"येतो की. पण माझ्याकडं कॅमेरा नाय."

"जुना पडलाय एक. तो घे."

पडलाय! मला तो शब्द अजून टोचतो.

दिशा त्यांच्याच क्लबातली. यंदा कॅलेंडरचे फोटो निवडायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून हर्षलला साल्हेरहून पाचवं मुखपृष्ठ आणायचंच होतं.

शनिवारी सटाण्यावरून पुढे जाऊन ते गड चढले आणि गुहेत मुक्काम केला. रविवारी उजाडायच्या आत तिघं माथ्यावर. सगळीकडे दाट धुकं, समोरचा सालोटा किल्लाही दिसेना. हर्षल अगदी कड्याजवळ जाऊन नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर काहीबाही जुळवत बसला. कुंदन मात्र मला छातीशी धरून नुसता उभा होता. शेतातलं धुकं रोज बघणारा माणूस तो. गालावर वारा लागला तसा पुटपुटला, "आता उठंल."

आणि उठलं. एकदम पडदा फाटल्यासारखं. खाली दरीभर ढग, त्यातून वर आलेला सालोट्याचा माथा, मागून सूर्याची पहिली तांबूस रेघ, आणि कड्यावर मान खाली घालून बसलेला हर्षल, एवढासा. कुंदननं एकदाच बटण दाबलं. हर्षलनं मान वर केली तेव्हा धुक्याचा पडदा पुन्हा मिटला होता.

दिशानं माझ्या पाठीवरच्या पडद्यात पाहिलं आणि ओरडलीच. "कुंदन! अरे, मुखपृष्ठ हेच!"

"बघू," हर्षल म्हणाला. कुंदननं मला खुशाल त्याच्या हातात दिलं आणि दिशाबरोबर सामान आवरायला गुहेकडे गेला.

सहा महिन्यांनी मी हर्षलच्या हातात आलो होतो. मला इतका आनंद झाला! तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. त्याचा श्वास माझ्या काचेवर येत होता. मी जसा नव्याकडे बघायचो, तसाच तो त्या फोटोकडे बघत होता. मग त्याचा अंगठा सवयीनं, न चाचपडता, कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेल्या बटणावर गेला.

फोटो गेला.

उतरताना मी कुंदनच्या गळ्यात होतो, बंद. पायथ्याच्या गावात, गडावर येणाऱ्यांना चहा करून देणाऱ्या सगुणाबाईंच्या घरी चहा ठेवायला सांगितला. चुलीच्या धुरात उन्हाची तिरीप आली होती आणि चहा कपांत ओतून झाल्यावर त्या पुन्हा फुंकणीनं जाळ फुलवत होत्या. कुंदननं मला सुरू केलं, डोळ्याला लावलं.

पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही. त्याच्या जागेवर दुसरा बसेपर्यंत तो परत मिळू शकतो. हे हर्षलला ठाऊक होतं, कुंदनला नव्हतं. हर्षल गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"कुंदन, काढू नकोस!"

"का रं?"

हर्षलचा चेहरा पडला. "सकाळचा फोटो... मी डिलीट केलाय. चुकून नाही. मुद्दाम. आता दुसरा काढलास तर तो परत मिळणार नाही."

दिशानं हातातला कप खाली ठेवला. सगुणाबाईंना काही उमगेना, चहा गार होतोय एवढंच दिसत होतं. "काय व्हयनं भाऊ? चहा थंडा व्हई ऱ्हायना."

कुंदननं मला बंद केलं. खालचं झाकण उघडलं, कार्ड काढलं आणि दिशाच्या तळहातावर ठेवलं. मग हर्षलला म्हणाला, "त्या फोटोत तू होतास. म्हणून तर तुझ्या हातात दिला मी."

दुसऱ्या दिवशी दिशाच्या लॅपटॉपवर फोटो सापडला, पूर्ण. मुखपृष्ठासाठी तोच ठरला. हर्षलनं मला कुंदनकडेच ठेवायला सांगितलं, तेही दिशाकरवी, कारण कुंदन त्याचा फोन उचलत नव्हता.

दसऱ्याच्या आधी झेंडूच्या तोडणीची धांदल उडाली तेव्हा एका पहाटे हर्षल मळ्यात येऊन उभा राहिला. नवा कॅमेरा त्यानं आणला नव्हता. ते पाहून मला बरं वाटलं. माझा स्वभाव काही सुधारलेला नाही. कुंदननं एक पाटी त्याच्या पुढ्यात सरकवली. दोघं दुपारपर्यंत फुलं तोडत राहिले.

शेवटी कुंदननं सकाळी काढलेला एक फोटो त्याला दाखवायला मला पुढे केलं. पण पट्टा गळ्यातून काढला नाही. हर्षलनं ते पाहिलं. बघायचं तर त्याला वाकावं लागलं, अगदी कुंदनच्या गालाला गाल लागेल इतकं.

पट्टा गळ्यातून कधी निघेल, मला माहीत नाही. घाईही नाही. तोवर त्या दोन माना अशाच जवळ येत राहू देत, एवढंच मागणं आहे.