कॅमेऱ्याच्या शेजारचं होकायंत्र

मी ड्रोनच्या पोटातलं होकायंत्र बोलतोय. तुम्ही मला पाहिलं नसेल. नखाएवढा माझा जीव, वरून प्लास्टिकचं झाकण. माझ्यापासून वीतभर अंतरावर कॅमेरा असतो. त्याला सगळे पाहतात.

एका कारखान्यात आम्ही दोघं एकाच दिवशी एका सांगाड्यात बसलो. तिथून दोन बहिणींच्या हाती आलो. ताई ड्रोन उडवायची, धाकटी चित्रण करायची. रोज कामावरून आलं की धाकटी मऊ फडक्यानं कॅमेऱ्याची काच पुसायची, त्यावर हळूच फुंकर घालायची. मी जळून खाक व्हायचो. उत्तर कुठे, दक्षिण कुठे हे मी सांगायचं, आणि कौतुक मात्र त्या डोळ्याचं.

माझ्या वाट्याला एकच सुख होतं. उडण्याआधी ताई ड्रोन दोन्ही हातांत धरून स्वतःभोवती गोल फिरायची, मग त्याचं नाक खाली करून पुन्हा एकदा. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यातून मी दिशा नव्यानं शिकतो. खरं तर रोज त्याची गरज नसते. पण ताई रोज फिरवायची आणि मला ते हवंच असायचं. तेवढा वेळ मी तिच्या हातात असायचो.

"ताई, रिमोटची स्क्रीन मागत नाही, जागा कालचीच आहे. रोज कशाला ही फुगडी?" धाकटी विचारायची.

"असू दे गं. माझ्या मनाला बरं वाटतं."

एकदा दूरच्या बंदरावर काम मिळालं. नवीन बोट पाण्यात उतरणार होती, तिचं चित्रण करायचं होतं. आदल्या दिवशी पोचल्यावर ताईनं मोकळ्या मैदानात मला नीट फिरवलं. जागा नवी होती, तेव्हा ते योग्यच होतं. मी तयार होतो.

दुसऱ्या दिवशी बोटीच्या मालकानं दोघींना गोदामाच्या गच्चीवर नेलं. तो धाकटीचं जुनं काम मोबाईलवर पाहत होता. "काय नजर आहे तुमची," तो म्हणाला. मग ताईकडे वळला. "आणि तुम्ही? बॅगा सांभाळता का?"

धाकटी नुसती हसली. ताईचा चेहरा उतरला. त्या क्षणी ती मला जितकी कळली तितकी कुणालाच कळली नसेल. तिनं ड्रोन उचलला आणि मालकाच्या समोर, त्याला दिसेल असं, गोल फिरवायला लागली.

पायाखाली सळयांचा स्लॅब होता, शेजारी लोखंडी टाकी. मैदानात शिकलेलं सगळं मी विसरलो आणि त्या लोखंडालाच उत्तर समजून बसलो. स्क्रीननं हिरवा दिवा दाखवला.

वर गेल्यावर मी सांगितलेली दिशा आणि उपग्रहानं सांगितलेली जागा यांचा मेळ बसेना. ड्रोन एका जागी थांबेना, घिरट्या घालू लागला, आणि प्रत्येक घिरटी आधीपेक्षा मोठी. खाली धक्क्यावर माणसं उभी होती.

"ताई, हा आपल्या मनानं चाललाय."

"माझं होकायंत्र चुकतंय. मी हातानं उडवते. तुला चित्रात काय दिसतंय ते सांगत राहा."

"क्रेन. डावीकडे घे. अजून. आता पाणी... आता वाळू. माणसं नाहीत."

ताईनं वाऱ्याशी झगडत ड्रोन वाळूवर टेकवला. मालक धावत आला.

"कॅमेऱ्याला काही झालं नाही ना?"

माझी चौकशी कुणीच केली नाही.

बोट उतरवणं दुसऱ्या दिवसावर गेलं. संध्याकाळी खोलीत धाकटी ताईजवळ येऊन बसली. "काल फिरवलं होतंस. आज लोखंडावर परत कशाला?"

"त्यानं मला बॅगा सांभाळणारी म्हटलं."

"ऐकलं मी." धाकटीनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "मी बोलायला हवं होतं. पण माझं कौतुक चाललं होतं ना, मला ते थांबवावंसं वाटलं नाही."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. "मी तुझ्यावर जळते, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. जळ, पण गच्चीवर नको."

दोघी हसल्या. सकाळी वाळूत, गाडीपासून लांब, किल्ल्या आणि फोन बाजूला ठेवून ताईनं मला फिरवलं. मालक घाई करू लागला तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई सांगेल तेव्हाच उडेल. उडवते ती, मी फक्त बघते." बोट पाण्यात उतरली, मी एका अंशानंही चुकलो नाही.

आता ताई मला क्वचितच फिरवते. दूरच्या नव्या गावी गेली, बरेच दिवस पेटीत पडून राहिलो, किंवा स्क्रीननं मागितलं, तरच. तेच बरोबर आहे. तुम्हीही तसंच करा, आणि लोखंडाजवळ तर मुळीच नको. पण पेटीत शेजारी फडक्याचा आवाज येतो, काचेवर फुंकर पडते, तेव्हा माझ्या मनात येतं, यांनी लवकर कुठेतरी लांबच्या कामाला जावं.