सामनेवालीचं म्हणणं

आमच्या कानिफनाथ सरांकडे तोंडी काही चालत नाही. रजा हवी असेल तर अर्ज, लवकर घरी जायचं असेल तरी अर्ज. एकदा ऑफिसातला पंखा बंद पडला तेव्हाही त्यांनी मला अर्ज द्यायला लावला आणि समासात लाल शाईनं लिहिलं, ‘अर्ज मंजूर. इलेक्ट्रिशियनला बोलवावे.’ इलेक्ट्रिशियन खालीच चहा पीत उभा होता. पारनेर कोर्टात चाळीस वर्षं वकिली केल्यावर माणसाचं असं होत असेल, तर आपण वेळीच निघालेलं बरं, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं.

थट्टा सोडा, निघायचं कारण वेगळं होतं. मी स्टेला, राहणार सुपा. पुण्यात एलएल.बी. केलं आणि तीन वर्षांपासून सरांची ज्युनिअर आहे. गेल्या हिवाळ्यात मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात एलएल.एम.साठी अर्ज भरत होते. विषय, आंतरराष्ट्रीय विकासाचा कायदा. धरण येतं, रस्ता येतो, कारखाना येतो, तेव्हा कुणाला काय मिळतं, कुणाचं नाव कागदातून गळतं आणि गळलेल्या माणसानं दाद कुठं मागायची, हे तिथं वर्षभर शिकवतात. भीमाबाईंच्या दाव्यापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला होता. भीमाबाईंच्या वडिलांची जमीन कारखान्यासाठी गेली आणि मोबदला भावांनी परस्पर घेतला, कारण वारसांच्या यादीत त्यांनी बहिणीचं नावच घातलं नव्हतं. सरांनी तो दावा मला चालवायला दिला आणि आम्ही जिंकलो. विद्यापीठासाठीच्या निबंधात मी त्याबद्दलच लिहिलं होतं.

सगळे कागद तयार होते. कॉलेजच्या मॅडमनी शिफारसपत्र पाठवून दिलं होतं. दुसरं पत्र मी जिथं काम करते तिथल्या वरिष्ठांचं हवं होतं, म्हणजे सरांचं. शुक्रवार शेवटचा दिवस. फॉर्ममध्ये सरांचं नाव भरून झालं होतं आणि विद्यापीठाची लिंक त्यांच्या ईमेलवर येऊन पडली होती. आता नाव बदलता येणार नव्हतं. सरांनी पत्र पाठवलं नाही, तर माझं वर्ष गेलं.

घरी पप्पांना हे ठाऊक होतं. पप्पा शाळेची बस चालवतात आणि दिवसभर पोरांचा गलका ऐकून घरी तोंड उघडत नाहीत, त्यामुळं तिकडून धोका नव्हता. मम्मीला मात्र मी काही सांगितलं नव्हतं. मम्मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिनं माझ्यासाठी संगमनेरचा एक मास्तर हेरून ठेवला होता. चर्चमध्ये गिटार वाजवतो म्हणे. मी ठरवलं होतं, प्रवेश हातात पडल्यावरच तिला सांगायचं, म्हणजे स्थगिती मागायला तिला वेळच उरणार नाही. वकिलीचा असा घरगुती उपयोग मी बराच करते.

सोमवारी मी सरांना रीतसर अर्ज दिला, ‘शिफारसपत्र मिळणेबाबत’. सोबत निबंधाचं मराठी भाषांतर जोडलं, कारण मराठीत वाचल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत. त्यांनी निबंध वाचला. परत वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि समासात लिहिलं, ‘सामनेवालीचे म्हणणे घ्यावे. तारीख गुरुवार.’

कोर्टात कुठलाही अर्ज आला की समोरच्या पक्षाचं म्हणणं मागवतात, हे मला कळतं. पण हा काही दावा नव्हता. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, यात सामनेवाली कुठून आली?

“जिला न विचारता तू निघालीस, ती,” सर म्हणाले.

मी अर्धा तास युक्तिवाद केला. मी सज्ञान आहे, सनद माझी आहे, पासपोर्ट माझा आहे, हरकत घ्यायचा मम्मीला अधिकारच पोचत नाही. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अगदी विरुद्ध पक्षाच्या वकिलाचं ऐकतात तसं, आणि पुढची फाईल उघडली. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मम्मीकडून म्हणणं आणायला मी साफ नकार दिला. मग मंगळवारी सर स्वतःच सुप्याला गेले आणि मम्मी कंपनीच्या बसमधून उतरल्याबरोबर माझा अर्ज आणि निबंध असलेलं पाकीट त्यांनी तिच्या हातात दिलं. वर ‘प्रत मिळाली’ म्हणून स्टँडवरच तिची सही घेतली. मी घरी पोचले तेव्हा पाकीट फोडलेलं होतं आणि मम्मी भाकरी थापत होती. भाकरी जरा जोरातच थापत होती.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काही सांगायचं असेल तर पप्पांमार्फत. “तुमच्या लेकीला इचारा, डबा न्यायचा हाय का?” मी पप्पांच्या शेजारीच बसलेली असायचे. पप्पा बिचारे खरंच मला विचारायचे आणि मी त्यांनाच उत्तर द्यायचे. एकीकडं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि दुसरीकडं संताप येत होता. शेवटी बुधवारी न राहवून मी तिला सरळच विचारलं, तुझा नकार आहे का?

“माझं म्हननं मी तारखेला देईन,” ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

गुरुवारी अकरा वाजता मम्मी सरांच्या ऑफिसात हजर झाली. तिला तीनची शिफ्ट होती, म्हणून अंगात कंपनीचा निळा कोट, डोक्याला स्कार्फ आणि हातात डब्याची पिशवी. कोर्टाबाहेरच्या कचरूभाऊंकडून तिनं आपलं म्हणणं चक्क टाईप करून आणलं होतं. सरांनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

‘अर्जातील मजकूर संपूर्ण खोटा, बनावट व लबाडीचा असून तो सामनेवालीस मान्य व कबूल नाही.’

संपलंच म्हटलं सगळं. तेवढ्यात मम्मी गडबडून उठली.

“ते माझं न्हाई, वकीलसाहेब. कचरूभाऊ म्हनले, म्हनन्याची सुरुवात आशीच करत्यात.”

सरांनी हसू दाबत त्या ओळीवर लाल रेघ मारली. कचरूभाऊंनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या वाक्यानं कुठलंही म्हणणं सुरू केलेलं नाही, हे पारनेरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. सर पुढं वाचू लागले.

‘अर्जदार हिने निबंधात लिहिले आहे की, मी कोर्टात काय करते हे माझ्या आईने कधी पाहिलेले नाही व तिला ते समजतही नाही. हे विधान खोटे आहे. भीमाबाईच्या दाव्यात सामनेवाली पाच तारखांना कोर्टात मागच्या बाकावर हजर होती.’

ते वाक्य माझंच होतं. खरं सांगते, लिहिताना मला ते फार आवडलं होतं. पॅकिंग करणारी आई, तिला लेकीचं जग कळत नाही, आणि लेक निघाली विलायतेला. परदेशातल्या लोकांना असलं भावतं, असा माझा हिशेब होता. आता मान वर करायची सोय राहिली नाही. इतकी लाज मला आजवर कधी वाटलेली नाही.

वकील न्यायाधीशांकडं तोंड करून उभा राहतो. मागच्या बाकांवर कोण येऊन बसतं, ते त्याला दिसत नाही. मम्मी दुपारची शिफ्ट मागून घ्यायची, सकाळी एस.टी.नं पारनेरला यायची, स्कार्फ गुंडाळून कोपऱ्यात बसायची आणि माझं काम संपायच्या आत निघून जायची. सरांनी तिला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिला सांगू नका, पोरगी बिचकंल, असं तिनं त्यांना बजावलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. मी सरांकडं पाहिलं. खोटं आहे हे ठाऊक असलेल्या कागदाला मी शिफारस कशी देऊ, एवढंच ते म्हणाले.

मी मम्मीला हळूच विचारलं, तुला खरंच सगळं समजत होतं?

“न समजायला काय झालं? पयल्या तारखेला तुझा आवाज बसला हुता. नंतर लई सुधारलीस.” मग तिनं खुर्ची पुढं ओढली. “त्या भावाला तू इचारलंस, भाऊबीजेला तुमाला कोन ओवाळतं? त्यो भीमाबाई म्हनला आन गपच झाला. तवाच म्हनलं, आता आपन जिंकलो.”

मला रडू येत होतं आणि हसूही. मम्मीचं अजून संपलं नव्हतं.

“भावांनी बहिनीचं नाव गाळलं म्हनून केवढी भांडलीस तू. आन तुज्या कागदात मला काय केलंस?”

मी फक्त चुकले म्हणाले. तेही आधी नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणाले.

सरांनी तिसरा परिच्छेद वाचला. ‘सदर वाक्य काढून टाकल्यास अर्ज मंजूर होण्यास सामनेवालीची काहीएक हरकत नाही.’ मी मास्तरांबद्दल विचारलं. मास्तरला थांबायचं असंल तर थांबंल, न्हाईतर गिटार घेऊन दुसरीकडं जाईल, असं मम्मी म्हणाली, आणि आमच्या घरात तो विषय तिथंच मिटला.

मी लॅपटॉप उघडून तिच्यादेखत ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहू, म्हणून तिलाच विचारलं. पाच तारखांना हजर हुती एवढंच लिही, जास्त काय लावू नको, असा तिनं हुकूम सोडला. मी तसंच लिहिलं. मम्मीनं इंग्रजी वाक्यावरून बोट फिरवून पाचाचा आकडा तेवढा खात्रीनं पाहून घेतला आणि शिफ्टसाठी एस.टी. पकडायला निघून गेली. सरांनी समासात ‘अर्ज मंजूर’ लिहिलं, मला ऑफिसबाहेर काढलं, कारण पत्र गोपनीय असतं, आणि दोन बोटांनी टाईप करत ते संध्याकाळी पाच वाजता पाठवून दिलं.

मार्चमध्ये प्रवेश मिळाला, आणि पाठोपाठ शिष्यवृत्तीही. सप्टेंबरमध्ये निघायचं होतं. ऑगस्टमध्ये माझी इथली शेवटची तारीख होती, एका बांधाच्या भांडणाची. मी उभी राहिले, फाईल उघडली आणि बोलता बोलता मध्येच मागं वळून पाहिलं. असं वकिलानं करायचं नसतं. कोपऱ्यातल्या बाकावर निळा कोट होता. मम्मीनं कपाळावर आठी घालून हातानंच मला खूण केली, पुढं बघ, जजसाहेब काहीतरी विचारतायत.