दोन थोपट्या, मग फळी

उपांत्य फेरीत अभय हलला, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुकर लावला तर शिट्या मोजायच्या राहिल्या. तनूच्या एका पायात मोजा घातला अन् दुसरा घरभर शोधत फिरले. तो माझ्याच खांद्यावर होता.

हलला म्हणजे फार नाही. आशियाई स्पर्धा, चारशे मीटर, सहावी लेन. ‘सेट’ म्हटल्यावर आठही जण कंबर वर करून दगडासारखे थांबलेले, आणि बंदूक वाजायच्या आधी आमच्या माणसाचा उजवा खांदा चार बोटं पुढं गेला. सगळ्यांना उठवलं. त्याच्या तोंडासमोर पिवळं कार्ड धरलं. परत सोडलं तेव्हा तो दुसरा आला, फायनलला गेला. पण आता पुन्हा तसं हलला तर सरळ बाहेर, एक पाऊलही न पळता. मांडीचा स्नायू फाटल्यापासूनची दोन वर्षं त्या चार बोटांवर टांगली होती.

“कामून हलला गं तो?” आत्यांनी विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पारूबाई. “डास चावला काय?”

“नाय आत्या, घाई झाली.”

“घाई? याला? लग्नाला व्हय म्हणायला सहा महिने लावले यानं.”

फायनल दुसऱ्या दिवशी होती, आपल्याकडं दुपारी सव्वाचारला. अडीच वाजले तरी मी मोबाईलवर तीच उपांत्य फेरी मागं-पुढं करत बसले होते. मांडीवर तनू. आठ महिन्यांची आहे, दात येतायत, झोपायचं नाव नाही. माझा हात सवयीनं तिच्या पाठीवर.

मोबाईलमधून आवाज आला, “सेट.”

मी थोपटलं. एक. दोन.

तनूनं डोळे गच्च मिटले अन् खांदे कानापाशी नेले. पडद्यावर त्याच क्षणाला तिच्या बापाचा खांदा पुढं गेला.

बंदूक तर वाजलीच नव्हती.

मी परत लावलं. पुन्हा तेच. मग मोबाईल पालथा ठेवला आणि मीच हळू म्हणाले, “सेट.” एक थोपटी, दुसरी थोपटी. लेकीनं डोळे गच्च.

हे मी शिकवलं होतं. दोघांनाही.

झालं होतं असं. दुखापतीनंतर अभय शेंद्र्याला घरीच राहून तयारी करत होता. पहाटे कंपन्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही फक्कीनं रेघा मारायचो. बंदूक कुठली? खोक्यांच्या दोन फळ्यांना त्यानं बिजागरी ठोकली होती. एकीवर दुसरी आपटली की फाडकन आवाज. सुटायचा इशारा द्यायचं काम माझं. तनू तेव्हा तीन महिन्यांची, झोळीत माझ्या छातीशी बांधलेली. त्या आवाजानं ती दचकून किंचाळायची. म्हणून मी ‘सेट’ म्हटलं की एका हातात फळ्या धरून दुसऱ्यानं तिला दोनदा थोपटायचे, आणि मगच वरची फळी आपटायचे. पाच महिने. रोज. दोनच थोपट्या, कमी नाही, जास्त नाही. अभय फळीवर सुटायला शिकलाच नव्हता, तो माझ्या दोन थोपट्यांच्या वेळेवर सुटत होता. देशातल्या स्पर्धेत बंदूकवाला घाईचा निघाला, म्हणून तिथं कुणाच्या ध्यानात आलं नाही. हा परदेशातला रेंगाळणारा होता.

फोन लावला. उचलला नाही. शर्यतीआधी पाऊण तास खेळाडूंना एका खोलीत नेतात आणि फोन काढून घेतात, हे मला माहीत होतं. परत लावला. त्याच्या सरांना, आप्पासाहेबांना लावला, तर तो बंद. तीन झाले. तनू रडायला लागली. तिला कडेवर घेऊन मी ओट्यापासून दारापर्यंत अन् दारापासून ओट्यापर्यंत.

“बस की गं,” आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. “तुझ्याकडं बघून मलाच चक्कर यायली.”

तीन वीसला त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागं कुणी कुणी उड्या मारत होते.

“अभय, ऐक!”

सुपातला आत्यांचा हात थांबला. त्यांच्यासमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते.

“बोल पटकन. दहा मिनटांत फोन घेत्यात.”

“तुझं चुकत नाय. माझं चुकलंय.” मी धाप लागल्यागत सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग मी तनूला पडद्यासमोर धरलं. “सेट.” दोन थोपट्या. तिनं डोळे मिटले.

“आयला,” तो सावकाश म्हणाला. मग त्याचा चेहराच उतरला. “रूपा, आता कामून सांगितलंस? आता तर मी तेवढंच मोजीत बसंन.”

हा विचार मी केलाच नव्हता. वाचवायला गेले अन् आणखीच ढकलून दिलं.

आत्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्या हातातून फोन ओढला. “ए, इकडं बघ. ही पोरगी तुझ्या हातावर झोपती तवा कसा पडतोस?”

“आई, आता नको ना.”

“मागं टाकी वाहून दारात तळं झालं. मी हाका मारून मेले. हलला व्हतास का?”

“ती उठली असती.”

“मग? हात बधिर झाला तरी नाय हललास. तिथं जमिनीला हात टेकशील ना, त्या हातावर तिचं डोकं हाय समज. तो बंदूकवाला वाजवंल तवा वाजवंल. तुझं काय जायलंय?”

पलीकडून कुणीतरी हाक मारली. पडदा काळा झाला.

सव्वाचारला मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. तनू, दिवसभर छळून, नेमकी तेव्हा माझ्या हातावर झोपली. म्हणून मीही हलू शकत नव्हते. अभयला आठवी लेन, सगळ्यात बाहेरची. पुढं कुणीच दिसत नाही.

“सेट.”

माझा मोकळा हात आपोआप उचलला गेला. मी मूठ वळून तो मांडीखाली दाबला. एक गेलं. दोन गेलं. बंदूक नाही. उजवा खांदा. मी फक्त खांदा बघत होते. तीन. आत्यांनी तोंडात पदर कोंबला होता.

वाजली.

अभय सगळ्यांत शेवटी सुटला. पहिल्या वळणावरच दोघं त्याच्याजवळ आले. पलीकडच्या सरळ पट्ट्यात तो लांब टांगा टाकायला लागला. शेवटच्या वळणावर सहावा होता, आणि शेवटच्या शंभरात त्याचं तोंड वाकडं झालं, मान मागं गेली, तरी त्यानं एकाला गाठलंच.

पाचवा. त्याची आजवरची सगळ्यात चांगली वेळ.

“पाचव्याला काय मिळतं?” आत्या.

“काही नाय.”

“मग रडायलीस कामून?”

“हसायलेय, आत्या.”

“एकच कायतरी कर.” असं म्हणून त्यांनीच डोळे पुसले.

तासाभरानं फोन आला. त्याच्या आवाजात अजून धाप होती. “रूपा, खरं सांगू? उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या.” मग म्हणाला, “ती झोपली का?”

“तेव्हापासून माझ्या हातावरच आहे.”

“मग हलू नको.”

आता तो परत आलाय आणि फळ्यांचं काम आत्यांकडं आहे. त्या कडक आवाजात ‘सेट’ म्हणतात. मग त्यांना कुणाची तरी शेळी प्लॉटात शिरलेली दिसते, कधी पदर नीट करायचा राहिलेला असतो, कधी शिंकच येते. अभय कंबर वर करून ताटकळत राहतो. मी तनूला घेऊन लांब, पार रेघेच्या पलीकडं उभी असते.

“आई, आपट की!”

“हल तर खरं,” आत्या म्हणतात. “तुझ्या टाळक्यात आपटते.”