पट्ट्याची हवा

पट्टा पुन्हा थांबला. दिव्यानीने उघडू घातलेला डबा तसाच बाजूला सारला आणि कंट्रोलरच्या पडद्यावरची लाल ओळ वाचली. ठोके मर्यादेबाहेर. सकाळपासून तीच ओळ.

खाणीतला फोडलेला चुनखडीचा दगड उतारावरून खाली कारखान्यात आणणारा हा पट्टा. त्याच्या पुलीवर एन्कोडर नावाचं एक डबडं बसवलेलं होतं. पुली फिरली की ते ठोके पाठवी. पट्टा जितका जोरात, तितके ठोके दाट. ते ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले की कंट्रोलर ब्रेक लावी. हल्ली ब्रेकचे लायनर झिजले होते आणि भरलेला पट्टा उतारावर खरोखरच सुटू पाहत होता. या वेगाला ब्रेक कसाबसा धरत होता. याहून जास्त वेगाला धरेल, असं कुणीही छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. नवे लायनर पुढच्या शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतील तेव्हा, येणार होते, आणि पुढचं शटडाऊन कधी येणार ते देवालाच ठाऊक.

"मॅडम, ती मर्यादा वाढवून टाका ना," कारखान्याचे अजय साहेब सोमवारी म्हणाले होते. "पाच मिनिटांचं काम."

"लायनर बदलून द्या सर, मग वाढवते."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि तिच्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला. पट्टा झटक्याने थांबला की खाली सांडणारा दगड पाळीतल्या बायांनीच उचलायचा, जास्तीचा माणूस मिळणार नाही, आणि सफाई झाल्याशिवाय पट्टा सुरू करायचा नाही. एवढंच बोलले.

त्या बायांत दिव्यानीची माय होती, भागीरथा. शेत खाणीत गेलं तेव्हा कारखान्याने घरात दोन कामं दिली. आयटीआय झालेल्या लेकीला पॅनेल आणि मायला फावडं. उपकार केल्यासारखी दिली.

आता भागीरथा पॅनेलरूमच्या दारात उभी होती. पाय धुळीने पांढरे, म्हणून आत येत नव्हती. मागे तिच्याच पाळीतली कांता, कंबरेवर हात ठेवून.

"किती डाव बंद पाडशीन वो बाई?"

"मी नाई पाडत, माय. तो सुटून राह्यला, म्हणून थांबते."

"सुटते तं सुटू दे. दगड तं आमालेच उचला लागते. कांताले काल रातभर झोप नाई." भागीरथाने पदराने तोंड पुसलं. "साहेब म्हणे, तुह्या पोरीच्या हातात हाय सारं."

दिव्यानीने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"पट्टा सुटला तं खाली कोण राह्यते, समजते का तुले?"

"आमीच राह्यतो. दुसरं कोन राह्यीन?" भागीरथाने दोन्ही तळहात पुढे केले. फोड फुटून कातडी लोंबत होती. "मराचं तवा मरू. आज हे फावडं उचलत नाई मायाच्यानं."

कांताने कंबर दाबत दाराच्या चौकटीचा आधार घेतला.

दिव्यानीने पासवर्ड टाकला. मर्यादेच्या चौकटीत मोठा आकडा भरला. बदल नक्की करायचा का, असं कंट्रोलरने विचारलं. त्या यंत्राला तेवढी तरी रीत होती. तिने मायच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं.

त्यानंतर पट्टा थांबला नाही. दुपारी साहेबांनी सगळ्यांसाठी थंडगार ताक पाठवलं. पट्ट्याचा ऑपरेटर खूश होता, ठेकेदार खूश होता.

दिव्यानी डबा घेऊन खाली उतरली. ऊन मी म्हणत होतं. खाणीने आसपास एक झाड ठेवलेलं नव्हतं; सावली होती ती फक्त पट्ट्याखाली. बाया तिथेच बसल्या होत्या. कांता पुलीशेजारी कंबर मोकळी करून आडवी पडली होती, डोळे मिटून. मायच्या पुढ्यात भात आणि अंबाडीची भाजी. कितीतरी दिवसांनी ती घाई न करता जेवत होती.

"ये वो, बस इथी." भागीरथा सरकली. "आज मस्त हवा लागून राह्यली."

हवा पट्ट्याचीच होती. तो डोक्यावरून धडधडत पळत होता, कालच्यापेक्षा जोरात.

दिव्यानीने मायला थोडं आत ढकललं, आणि तिच्या व पुलीच्या मधल्या जागेत बसून डबा उघडला.